कडेची पात

माझी मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा आम्ही तिला तिची स्वतःची खोली दिली. हे वाक्य लिहिताना मला आजही थोडं हसू येतं. पाटसजवळच्या ज्या वस्तीवर मी वाढलो तिथे आम्हा पाच जणांना मिळून एक पत्र्याची खोली होती. चुलीकडचा भाग सोडला तर उरलेल्या जागेत कोण कुठे अंग टाकणार हे रोज नव्याने ठरायचं. पुढे कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत आम्ही चौघे होतो, नोकरी लागल्यावर सणसवाडीत भाड्याने तिघे आणि लग्नानंतर दोघे. एकट्याची खोली मला आजवर मिळालेली नाही. माझी मुलगी या बाबतीत आठव्या महिन्यातच माझ्या पुढे गेली.

पण ही हौस नव्हती. बायको रांजणगावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. माझ्यासारखीच तीही तिच्या घरातली पहिली पदवीधर. बाळंतपणाची रजा तिने बिनपगारी वाढवून घेतली होती, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला हजर व्हायचं होतं. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची. मी त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की मोबाइल पाचला वाजायचा आणि मुलगी उठायची. मी कूस बदलली तरी ती उठायची. ती उठली की बायको उठणारच. आठ महिन्यांत ती माउली सलग चार तास झोपली नव्हती.

एका सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. मी हसलो, ती हसली नाही.

"अहो, तिथे मला ॲसिडच्या बाटल्या हाताळायच्या असतात," ती म्हणाली. "अशा डोळ्यांनी मी जाऊ शकत नाही. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय. पाठवायचा तेवढा राहिलाय."

तिने तो मला दाखवला. चार ओळी होत्या, नीट लिहिलेल्या. ज्या मुलीला शिकवण्यासाठी तिच्या वडिलांनी भावकीची बोलणी खाल्ली, तिच्या नोकरीचा शेवट या चार ओळींनी व्हावा हे मला काही पटेना. मी म्हटलं, "एक तारखेपर्यंत थांब. तोवर मी काहीतरी करतो."

शिरूरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मुलीचं वजन पाहिलं, तब्येत पाहिली आणि वेगळ्या खोलीत झोपवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आमच्या घरातल्या दुसऱ्या खोलीत गावाकडून आलेली ज्वारीची पोती, माझी जुनी सायकल आणि कॉलेजची पुस्तकं होती. एका सुट्टीत ती रिकामी केली, चुना मारला, कठड्याचा लाकडी पलंग आणला. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी त्यांची मुलं मोठी झाल्यामुळे पडून असलेला बेबी मॉनिटर दिला. त्याच्या दोन डब्या असतात. एक बाळाजवळ ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. बाळाने आवाज केला की आपल्या डबीतून तो ऐकू येतो आणि हिरव्यापासून लालपर्यंत दिवे चढत जातात. किती मोठा आवाज झाला की डबी बोलू लागेल हे एका चकतीने ठरवता येतं. असल्या चकत्या फिरवणं हाच माझा धंदा, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

धास्ती होती ती माझ्या आईची. बायको कामावर गेल्यावर मुलीला आईच सांभाळणार होती. तिने नाही म्हटलं असतं तर सगळंच मोडलं असतं.

आई वस्तीवरून चौफुला, न्हावरा करत एसटीने आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने नवी खोली पाहिली.

"हिला खोली!" ती म्हणाली. "हिच्या बापाला सादा कोपरा न्हवता."

मग मॉनिटर हातात घेऊन उलटासुलटा केला. "हे काय, रेडू हाय का?"

"रेडिओच समज. पण एकच स्टेशन लागतं," मी म्हटलं.

"आन् गानं कवा लागतं?"

"भूक लागली की."

ती हसली, पण खोलीबद्दल काही बोलली नाही. बायकोने स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "आईंना चालेल ना?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बघू. मी काय म्हणत न्हाई." आईचं 'मी काय म्हणत न्हाई' मी लहानपणापासून ओळखतो. त्याचा अर्थ तिचं म्हणणं तयार आहे, फक्त वेळ आलेली नाही.

पहिल्या दोन रात्री मुलगी थोडी रडली. आम्ही गेलो, थोपटलं, परत आलो. तिसऱ्या रात्रीपासून ती झोपू लागली आणि बायकोही. चौथ्या दिवशी चहा गोड झाला होता.

अडचण आली ती दिवसा. उसाचा हंगाम सुरू झाला होता. आमच्या मागच्या रस्त्याने साखर कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, आणि ज्याचे स्पीकर मोठे तो ड्रायव्हर मोठा अशी इकडे समजूत आहे. मुलीची खोली नेमकी त्या बाजूला. तिला त्या गाण्यांची पोटात असल्यापासून सवय, तिची झोप मोडायची नाही. पण डबीचे दिवे थेट लाल व्हायचे. दर पंधरा मिनिटांनी आम्ही धावत जायचो आणि मुलगी ढाराढूर झोपलेली असायची. शेवटी मी चकती फिरवली आणि ट्रॅक्टरने डबी बोलणार नाही इतकी ती खाली आणली. मग शांतता झाली. मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी दुपारी मुलीला झोपवून आम्ही तिघे पुढच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो. डबी मधोमध सुपाजवळ ठेवली होती, हिरवा दिवा लागलेला. बायको एक तारखेला काय नेसायचं ते सांगत होती. आई वस्तीवरच्या लग्नाच्या गमती सांगत होती. बराच वेळ गेला. मग आई बोलता बोलता थांबली, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोर अजून उठली न्हाई?"

"डबी गप्प आहे ना," मी म्हटलं.

"तिची येळ टळून गेलीया." आई उठली, तिच्यामागे आम्ही दोघे.

मुलगी जागी होती. पलंगाच्या दोन गजांमधून तिचा पाय बाहेर आला होता आणि गुडघ्याशी अडकला होता. ती रडत होती, पण किती वेळ रडत असेल कोण जाणे, आवाज बसून नुसता घोगरा श्वास येत होता. आईने पाय अलगद वाकवून सोडवला. लाल वळ उठला होता, बाकी काही नव्हतं. पाच मिनिटांत ती बायकोच्या खांद्यावर शांत झाली. बायको मात्र झाली नाही.

"मी नाही जात कामावर," ती म्हणाली. "आजच मेल पाठवते."

कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावतो की अलार्म सारखा वाजतो म्हणून अलार्म बंद करायचा नाही, तो का वाजतो ते शोधायचं. आणि स्वतःच्या घरात मी अलार्मचंच तोंड दाबलं होतं. मी आईकडे पाहिलं. आता ती म्हणणार, मला आधीच ठाऊक होतं, तान्ह्या लेकराला कुणी एकटं ठेवतं का.

आई म्हणाली, "मेल-बिल काय पाठवू नगंस. बस खाली."

आम्ही बसलो. आई माझ्याकडे वळली.

"तुला काय मी कडेवर घेऊन खुरपत व्हते व्हय? सहा म्हैन्याचा व्हतास तवा बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात टाकायची. एकटाच झोपायचास. पोर एकटं झोपतं, त्याला काय व्हत न्हाई."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग कडेची पात."

कांदा खुरपायला बायका रांगेने बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला वाफ्याची एक सरळ पट्टी येते. तिला पात म्हणतात. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"जिचं लेकरू झोळीत, तिला कडेची पात द्यायची, झाडाजवळची," आई सांगू लागली. "कितीबी भांडनं असू द्या, त्यात कुनी मोडता घालत न्हवतं. तिचं कान झोळीकडं. पानी प्यायला जायचं झालं तर शेजारनीला सांगायचं, पात बघ गं. ती व्हय म्हनल्याबिगर जाग्यावरनं हालायचं न्हाई. मुकादम वरडला तरी न्हाई. मान हालवून चालत न्हवतं, त्वांडानं व्हय म्हनायचं." तिने सुपाजवळची डबी उचलली. "मगाशी आपुन तिघं बसलो व्हतो. तुला वाटलं ही डबी बघतीया. हिला वाटलं तू बघतोयस. मला वाटलं तुमी दोघं शिकल्याली, तुमी बघताय. कडेची पात कुनाची व्हती?"

कुणाचीच नव्हती. कारखान्यात दुसरा माणूस येऊन ताबा घेतो तोवर मी यंत्र सोडत नाही. बारा वर्षांच्या नोकरीत एकदाही सोडलेलं नाही. हा नियम मी तिथे शिकलो असं समजत होतो. तो माझ्या आईच्या रानात माझ्याच झोळीशेजारी पाळला जात होता, आणि तो पाळणाऱ्या बायकांपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती. मी सुखरूप वाढलो, शाळेत गेलो, पदवीधर झालो. माझ्या गुरुजींचे आभार मी अनेकदा मानले आहेत. या बायकांचे मानायचे राहूनच गेले होते.

"आई, तुम्हाला खोलीचा राग नव्हता तर आधी का नाही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"इचारलं व्हतं का कुनी? ह्यानं इचारलं, चालंल का. कसं करायचं ते न्हाई इचारलं."

त्याच संध्याकाळी आम्ही पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावला. मुलीजवळची डबी खिडकीत ठेवली होती, ती पलंगापासून दोन हातांवर, तिच्या हाताला येणार नाही अशी बसवली. चकती पुन्हा वर केली. ट्रॅक्टर गेला तर आता एखादा पिवळा दिवा लागून विझायचा आणि मुलगी नुसती कुरकुरली तरी डबी बोलायची. दुसऱ्या दिवशी सुताराकडून गजांच्या मध्ये पट्ट्या बसवून घेतल्या. आणि डबी जमिनीवर, सुपाजवळ, फ्रीजवर ठेवायची बंद झाली. ती कुणाच्या तरी हातात किंवा खिशात, आईच्या बाबतीत कमरेला. दुसऱ्याला द्यायची तर 'पात बघ' म्हणायचं आणि 'व्हय' ऐकायचं. पहिले दोन दिवस मला हा खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी मी नुसतं 'हं' म्हटलं तर बायको डबी हातातून सोडेना.

एक तारखेच्या सकाळी ती तयार झाली. मी तिसरी पाळी करून घरी पोचलो तेव्हा ती कंपनीच्या गाडीसाठी निघतच होती. मुलगी तिच्या खोलीत झोपलेली. बायकोने दारातून एकदा आत पाहिलं, मग हातातली डबी आईपुढे धरली.

"आई, पात बघा."

"व्हय."

ती तिथेच उभी राहिली.

"व्हय म्हनलं न्हवं? आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ? जा, गाडी जाईल."

ती गेली. मी झोपलो. दुपारी जाग आली ती आईच्या बोलण्याने. माझा मोबाइल कानाला लावून ती दाराशी उभी होती, कमरेला डबी, हिरवा दिवा. पलीकडून बायकोचा आवाज येत होता. पोरगी कशी आहे, जेवली का, रडली का, यातलं काहीच तिने विचारलं नाही.

"आई, पात कुणाकडे?"

"माझ्याकडंच हाय. ह्यो अजून झोपलाय," आई म्हणाली. "तू तुझी पात बघ."

तो चार ओळींचा मेल तिने जेवणाच्या सुट्टीत खोडून टाकला, असं तिने संध्याकाळी सांगितलं. सांगता सांगता तिने हात पुढे केला. आईने डबी तिच्या हातावर ठेवली आणि ती 'व्हय' म्हणेपर्यंत सोडली नाही.