डॉक्टरीणबाईंचं दुसरं हैदराबाद

शनिवार, ७ नोव्हेंबर १९६४. बोरी अरब. पहाटे चांगलाच गारवा. तांबडीने अर्धा शेर दूध कमी दिले. भाऊबीजेची मंडळी नऊच्या मोटारीने गेली. चकलीच्या डब्यात काल एकवीस होत्या, आज सकाळी बारा. घनश्याम म्हणतो, उंदीर. खाऊन पुन्हा झाकण लावणारा उंदीर मी प्रथमच ऐकला. दुपारी हैदराबादच्या प्रवासावरून बोलणे झाले. घनश्यामने अट घातली. मी कबूल केली. सोमवारी निघायचे.

विमलताईंच्या वहीत इतकंच आहे. खरं म्हणजे ते ‘बोलणे’ दीड तास चाललं होतं आणि शेजारच्या ओसरीवरून माणसं कान देऊन ऐकत होती.

गावात त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ही मुलगी लग्न करून बोरी अरबला आली ती डॉक्टरांच्या दवाखान्यामुळे. डॉक्टर भला माणूस, पण तीस वर्षांत त्यांनी बायकोला दारव्ह्याच्या पलीकडे काही दाखवलं नाही. कुठे जायचं ठरलं की नेमकं कुणीतरी बाळंत व्हायचं. पंचावन्न साली डॉक्टर गेले. छप्पन साली विमलताईंनी एक पिशवी, एक छत्री आणि एक वही घेतली आणि एकट्याच नागपूर गाठलं. तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की एक शहर. कधी नवं, तर कधी जुनंच पुन्हा. “माणसाला एकदा भेटून त्याच्याविषयी मत देऊ नये,” असं त्या म्हणत. “शहरालाही नाही.”

जुनं शहर पुन्हा बघायला जाताना जुनी वही बरोबर असे आणि तिच्यावरून त्या शहराची तपासणी होई. नागपूर छप्पनच्या ऑक्टोबरात राजधानी होतं, पुढच्या वेळी नव्हतं. वहीत शेरा आहे : ‘राजधानी गेली, पण टांगेवाल्यांना अजून कळवलेले दिसत नाही. ताठा तोच.’ जबलपूरबद्दल आहे : ‘पहिल्या खेपेला धबधब्याचा आवाज फार आवडला. दुसऱ्या खेपेला झोप लागेना.’ खुद्द बोरी अरबविषयीही एक ओळ आहे : ‘आमच्या गावाने चार वर्षांत तीन राज्ये पाहिली, तीही जागचे न हलता. त्याला कुणी विचारत नाही, एकटा कसा गेलास?’

त्यांना मात्र विचारत. विचारणारा मुख्य माणूस म्हणजे पुतण्या घनश्याम. शाळेत गणिताचा मास्तर, काकूवर जीव, आणि त्या जिवामुळेच काळजी.

“काकू, तुझं वय किती?”

“वहीत बघ.”

“चौसष्ट! चौसष्टाव्या वर्षी बाईमाणूस एकटं हैदराबादला जातं?”

“अठ्ठावनला गेले होते. हैदराबाद जागेवरच आहे.”

“तिथं हरवलीस तर? कोण आहे तिथं तुझं?”

“विजयमाला आहे. माझ्या वर्गातली.”

शेवटी घनश्यामने अट घातली. या खेपेला काकू एकदाही वाट न चुकता गेली आणि आली, तर तो जन्मात अवाक्षर काढणार नाही. चुकली, तर यापुढे एकटीनं प्रवास बंद. आणि साक्षीदार कोण? तर वही. त्या घरात वहीचा शब्द शेवटचा असे. गाय कधी फळली, लोणच्यात मीठ किती घातलं, कुणी कुणाला काय बोललं, कशावरूनही वाद झाला की प्रभावती, म्हणजे घनश्यामची बायको, सरळ फडताळातून वही काढी. वहीत खोटं नसतं, हे घनश्यामला ठाऊक होतं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने शिकवलेलं एकच वाक्य विमलताई घरात वारंवार ऐकवत : जे घडलं ते लिहावं, जे घडायला हवं होतं ते नाही.

विमलताईंनी अट हसत मान्य केली. हैदराबाद पाहिलेलं, वाट लिहिलेली. परीक्षेला पुस्तक घेऊन बसल्यासारखंच ते.

सोमवारी गावातल्या हिरासिंग गाडीवानाने त्यांना आपल्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, मोटारीवर सोडलं. यवतमाळ, पांढरकवडा, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद करत दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हैदराबादला उतरल्या. मोटार जिथे थांबली ती जागा जरा मोठी वाटली. शहरं वाढतात, त्यात काय! त्यांनी अठ्ठावनची वही उघडली. ‘स्टँडबाहेर पडताच डावीकडे. तिसरी गल्ली. हिरवा दरवाजा.’

पिशवीत विजयमालाचं पत्रही होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : ‘मोटारी आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबतात. बाहेर पडलीस की उजवीकडे वळ.’ विमलताईंनी ते घरी वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. कारण विजयमालाला त्या दहाव्या वर्षापासून ओळखत होत्या. शाळेच्या कवायतीत सगळ्या मुलींचा डावा पाय पुढे असला की हिचा उजवा असायचा. अशा बाईच्या उजवीकडे वळण्यावर कुणी विश्वास ठेवावा? स्वतःच्या हातचं लिहिलेलं असताना?

त्या डावीकडे वळल्या.

तिसऱ्या गल्लीत हिरवा दरवाजा नव्हता. रंग बदलला असेल, म्हणून त्यांनी निळा वाजवला. आतून एक पैलवान दाढीला साबण लावलेला बाहेर आला. मग त्यांनी चौथी गल्ली पाहिली, पाचवी पाहिली. पुढे गल्ल्या संपल्या, घरं संपली आणि लाल मातीचा एक माळ सुरू झाला. माळावर कुंभाराची भट्टी धुमसत होती. विमलताई एका पालथ्या रांजणावर बसल्या आणि घड्याळ पाहिलं. पावणेआठ.

“किधर कू जारे अम्मा?” कुंभारीण विचारू लागली.

“विजयमालाबाईच्या घरी.”

“कौन विजयमालाबाई?”

“ती शाळेत नेहमी चुकीचा पाय पुढे टाकायची,” विमलताई मराठीतच म्हणाल्या आणि त्यांना एकदम हसू फुटलं. त्या कुठे चुकल्या ते आता त्यांना कळलं होतं. पण हसता हसताच दुसरंही आठवलं. अट.

कुंभारणीनं पाणी दिलं, मोठं गाडगं उलटं वाजवून त्याचा नाद ऐकवला, आणि पत्रावरचा पत्ता शेजाऱ्याकडून वाचून घेऊन त्यांना रिक्षात बसवलं. साडेआठ वाजता दार उघडताच विजयमाला म्हणाली, “डावीकडे वळलीस ना? मला माहीतच होतं.”

शहर मात्र दुसऱ्या खेपेला जास्त आवडलं. पहिल्यांदा चारमिनार पाहिला होता; या वेळी त्याच्या सावलीत बांगड्या विकणाऱ्या बाईशी तासभर गप्पा झाल्या. इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना मात्र अट आठवायची. हे शेवटचं एकटीचं शहर. मग पुढच्या दिवाळीला घनश्याम पुढे चालणार, हातात वेळापत्रक घेऊन, आणि आपण मागून.

शनिवारी दुपारी हिरासिंग मोटारीवर घ्यायला आला. पिशवी उचलता उचलता त्याची नजर त्यांच्या चपलांवर गेली.

“हरवल्या होत्या काय बाई?”

“तुला रे कसं कळलं?”

“लाल माती हाय न शिवणीत. हे काही सडकेवरची माती नोहे.” त्यानं बैलांना हाकारलं. “मास्तरले सांगू नोका. मी तं सांगतच नाही.”

“वहीत लिहावं लागेल.”

“कायले? वही काय फौजदार हाय?” हिरासिंग मागे वळून बसला. “आमचा आजा लदेणी ने, बैलाच्या पाठीवर मीठ लादून, पार मुलूखभर. वाट चुकला तं ज्या गावात पोचे तिथंच मीठ विके. घरी येऊन सांगे, मले तिकडंच जायाचं होतं!”

विमलताई मनापासून हसल्या. पण दमणी घरापाशी आली तेव्हा पिशवीतली वही चाचपत होत्या.

हातपाय धुतले, चहा घेतला आणि दिवेलागणीआधी त्या वही घेऊन बसल्या. मंगळवारचं पान उतरवायचं राहिलं होतं. लेखणी थोडा वेळ थांबली. ‘कुंभारवाडा पाहण्यास गेले’ असंही लिहिता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. मग त्यांनी लिहिलं : ‘सकाळी ६.१० ते ८.३० हैदराबादेत हरवले. चूक माझी.’ आणि वही घनश्यामपुढे ठेवली.

त्यानं वाचलं. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर आला नाही, उलट तो कावराबावरा झाला.

“दोन तास वीस मिनिटं!” तो म्हणाला. “पण वाट तर लिहिलेली होती. आण ती अठ्ठावनची वही. वही चुकली की तू, ते तरी बघू.”

प्रभावतीनं वही आणली. घनश्यामनं हैदराबादचं पान काढलं. ‘डावीकडे. तिसरी गल्ली’च्या वरच ओळ होती : ‘वाट सापडण्यापूर्वी तीन तास हरवले. एका मशिदीच्या पायरीवर बसून पेरू खाल्ला.’

“काकू! तेव्हाही?”

“पहिल्यांदा सगळेच हरवतात,” विमलताई म्हणाल्या. “दुसऱ्यांदाचं माझ्या मनात नव्हतं.”

प्रभावती फडताळापाशीच बसून राहिली होती. तिनं साठची वही उघडली. “जबलपूर, दोन तास. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बाईबरोबर चुकीच्या टांग्यात बसले. भांडण मिटवले.” मग बासष्टची. “इंदूर, दीड तास.” मग सगळ्यात जुनी, छप्पनची. ती तिनं सावकाश वाचली : “नागपूर. सगळे शहर पांढऱ्या कपड्यांत. दीक्षेची गर्दी. मी जिथे शिकले त्या शहरात मलाच रस्ता सुचेना. तेवढ्यात आपल्या गावची रुखमाबाई दिसली. म्हणाली, डॉक्टरीणबाई, माह्या मांगं या. तिने हात धरला. आजवर ती आमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसायची, मी आतून औषध द्यायचे. आज ती पुढे आणि मी मागे.”

बाहेर तांबडी हंबरली.

“हे तू कधी सांगितलं नाहीस,” घनश्याम म्हणाला.

“आठ वर्षं वही इथंच आहे. तुम्ही लोणच्याचीच पानं बघता.”

“आता मास्तर, हिशेब तुमचा,” प्रभावती नवऱ्याला म्हणाली. “काकू पाच वेळा हरवल्या. पाच वेळा घरी आल्या. तुम्हाला भीती कशाची होती?”

घनश्यामनं वही मिटली, पुन्हा उघडली, चष्मा पुसला.

“अट म्हणजे अट,” तो म्हणाला. “ती मी मागं घेत नाही.” मग उठून खुंटीवरचा सदरा घालता घालता, भिंतीकडे बघत : “फक्त पुढच्या वर्षी जाशील तेव्हा विजयमालाबाईंच्या पत्राप्रमाणे वळ.”

“पुढच्या वर्षी बुऱ्हाणपूर आहे. तिथं माझ्या वर्गातलं कुणी नाही.”

“मग विचारत जा लोकांना,” तो म्हणाला आणि शाळेच्या वह्या आणायला म्हणून बाहेर पडला. शाळेला दिवाळीची सुट्टी होती.

विमलताईंनी चपलांच्या शिवणीतली माती काडीनं काढली, तुळशीत टाकली आणि आजचं पान पुरं केलं.

‘शनिवार, १४ नोव्हेंबर. तांबडीचे दूध पूर्ववत. चकल्या संपल्या. डबा घासून पालथा ठेवला.’