आरशातली जीप

फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात लसीकरणाचं रजिस्टर भरत होते. "दाजी गेले गं... छातीत कळ आली अन् संपलं," अक्काच्या शेजारणीनं एवढंच सांगितलं. त्याला आता पाच आठवडे होतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अकोले तालुक्यात डोंगराकडच्या गावांना प्रवाशांची जीप चालवायचे. सांगायला लाज वाटते, पण रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, की आता घाट एकटीनं उतरायचा.

मी पक्की भित्री. नर्स म्हणून वरच्या गावात बदली झाली तेव्हा चाळिशीला आले होते आणि साधी सायकलही कधी रस्त्यावर काढली नव्हती. एसटी दिवसातून दोनदा, आणि बाळंतपण काही एसटीची वेळ बघून होत नाही. मोटारसायकल घेणं भाग होतं. माझी समजूत अशी, की गाडी जितकी जड तितकी रस्त्याला धरून राहणार; म्हणून शोरूममधली सगळ्यात दणकट गाडी मी पसंत केली. दुसऱ्या दिवशी दाजींनी तसलीच गाडी कुणाची तरी मागून आणली, भात काढलेल्या खाचरात नेली आणि हळूच आडवी पाडली. "उचल," म्हणाले. मी लालबुंद होईस्तोवर ओढली. हँडल तेवढं हललं.

"वळनावर पडलीस तर कोन येनार हाय उचलायला?"

मग त्यांनी एक जुनी, हलकी, शंभर सीसीची गाडी आडवी केली. ती दुसऱ्या झटक्यात उभी राहिली. मला वर बसवून ते खाली वाकले आणि माझे पाय बघू लागले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"दाजी, ही तर वाऱ्यानं उडंल!"

"उडाली तर मी आनतो धरून. पर त्या धुडाखाली पाय घावला म्हंजी?"

दोन महिने खाचरातच गिरवलं... क्लच सोडला की गाडी बंद, पुन्हा किक. रस्त्यावर जायच्या दिवशी दाजींनी उजवा आरसा फिरवून घट्ट केला. "ह्यात जीप दिसत ऱ्हाईल. आरसा हलवू नको." त्या दिवसापासून सकाळी वर जाताना पहिली आणि संध्याकाळी खाली येताना शेवटची खेप ते माझ्या मागून नेऊ लागले. एका अंगाला दरी, समोरून टेम्पो, आणि मी दुसऱ्या गियरमध्ये जीव मुठीत धरून चाललेली. जीपमधले लोक वैतागायचे. "दाजी, काढा की पुढं, लगीन लागून जाईल तवर!" दाजी म्हणायचे, "बसा गप. रस्ता अरुंद हाय." त्या रस्त्यावरून दोन एसट्या आरामात जातात. दोन वर्षं त्यांनी मला कधी ओलांडलं नाही.

ते गेले त्या दिवशी घाट कसा उतरले, मला नीट आठवत नाही. प्रत्येक वळणावर आरशात बघत होते, तेवढं आठवतं. दहाव्यानंतर अक्का म्हणाली, "तू वळनाआड गेलीस का ह्यांच्या पोटात गोळा यायचा. तुझ्या गाडीचा आवाज ऐकू यावा म्हनून जीपमधी गानी लावू द्यायचे न्हाईत कुनाला." मला वाटत होतं, त्या रस्त्यावर घाबरणारी मी एकटीच.

जीप आता अक्कानं दुसऱ्या ड्रायव्हरला चालवायला दिली आहे. गेल्या आठवड्यात घाट चढताना ती अचानक आरशात आली. तोच रंग, तोच चेपलेला बंपर... माझी पकड आपोआप सैल झाली. एक अख्खं वळण मी न भिता घेतलं. मग मागून कर्कश हॉर्न वाजला आणि जीप मला ओलांडून पुढे गेली. आत मोठ्यानं गाणी लागली होती.

मी कडेला थांबले. गाडी पडेल असं वाटलं, पण दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. तिथेच पोटभर रडून घेतलं आणि पुन्हा किक मारली, कारण वर बाळंतीण खोळंबली होती.

भीती गेलेली नाही. आरसाही मी हलवलेला नाही. त्यात आता नुसता रस्ता दिसतो, आणि मी प्रत्येक वळणावर बघते.