वकीलबाई आणि दिवसाचं पाणी

वकीलबाईंनी कोर्टाची पायरी कधी पाहिली नव्हती. शाळा सातवीत सुटलेली, थोडीशी धानाची शेती, दारात शेळ्या. पण गावात कुणी काही ठरवलं की त्या कमरेवर हात ठेवून कारण विचारायच्या, "काहून?" आणि समोरच्याकडून पटणारं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. ग्रामसेवकाला विचारायच्या, एसटीच्या कंडक्टरला विचारायच्या, बुद्धविहारात आपल्याच वडीलधाऱ्यांना विचारायच्या आणि हनुमान मंदिराच्या पारावर बसलेल्यांनाही तेवढ्याच मोठ्या आवाजात. हे नाव त्यांना कुणी दिलं ठाऊक नाही. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

साकोलीहून जंगलाकडे निघालं की आमचं गाव लागतं. गावाला मोठा तलाव आहे, पण निम्मी शेती तलावाच्या वरच्या अंगाला. उन्हाळी धान लावायचा तर मोटारीशिवाय पाणी चढत नाही, आणि मोटारीची वीज यायची ती रात्री. वकीलबाईंचे यजमान, ज्यांना सारं गाव मामाजी म्हणतं, ते एकदा असेच मोटार चालू करायला गेले आणि बांधावर अस्वलानं त्यांना धरलं. जीव वाचला, उजवा हात मात्र कायमचा अधू झाला.

मी तेव्हा वरठीच्या कारखान्यात वेल्डर होतो. सुट्टी काढून दवाखान्यात भेटायला गेलो. वकीलबाई रडत असतील असं वाटलं होतं. त्या खाटेशेजारी बसून मामाजींना पेज भरवत होत्या. मला म्हणाल्या, "अस्वलाचा का दोष गा? त्याच्या फिराच्या वेळेलेच आपण त्याच्या वाटेत जाऊन राहिलो. सूर्य दिवसभर डोक्यावर तापते, अना आमाले वीज रातीच काहून?"

हा प्रश्न त्यांनी मग सोडलाच नाही. सौरपंपाची सामूहिक योजना असते, शेतकऱ्यांनी मिळून चालवायची, एवढं कानावर आलं होतं. तालुक्याला खेटे घालून त्यांनी ती समजून घेतली आणि घरोघर फिरल्या. ज्या बाया ग्रामसभेला कधी फिरकल्या नव्हत्या त्यांना म्हणाल्या, "पाणी भरता तुमी, चिखलात वाकून रोवणा करता तुमी, मंग ठरवाले नवऱ्याले काहून धाडता?" त्या सभेला बाया इतक्या आल्या की पुरुषांना व्हरांड्यात उभं राहावं लागलं.

सभेत पहिला पेच जागेचा. गावच्या पाटलांनी आपल्या शेतात सौरपॅनल लावायला जागा देऊ केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वकीलबाई उठल्या. "पाटील, तुमचं मन मोठं हाय, नाही म्हणत नाही. पण उद्या तुमच्या पोराइचं भांडण झालं, तं कुलूपकिल्ली कोणाच्या हाती? पाणी सगळ्याइचं, तं जागाही सगळ्याइचीच पायजे." पाटलांना राग आला नाही. तेच म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

सगळ्यांची म्हणावी अशी जागा एकच, तलावाकाठचं मैदान. आणि तिथेच आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवाळी झाली की दिवसा दुकानं, आकाशपाळणा, आणि रात्री आमचं नाटक. मी नाटक मंडळातला, त्यामुळे मलाच उभं राहावं लागलं. "मावशी, तिथं पॅनल लावले तं मंडई कुठं भरवाची?" पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाई खाली बसल्या. सभा उठली आणि सारं अधांतरी राहिलं.

सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. "चाल, मैदानावर चाल." तिथे माझ्या हातात लांब बांबू दिला. "तुमच्या नाटकातला राजा मुकुट घालून उभा राहिला, तं कितीक उंच होते? दाखव. आता त्याच्याहून आणखी वर धर. पॅनल तिथं बसवा. खाली भरू द्या मंडई."

जागा बघायला आलेले योजनेचे इंजिनिअरसाहेब तरुण होते, ऐकून घेणारे. ते म्हणाले, "होऊ शकतं. पण एवढ्या उंचीवर वारा ओढतो. खांब जाड लागतील, पाये खोल लागतील, आणि ते योजनेत बसत नाही. गाव हात लावणार असेल तर मी नकाशा बदलतो."

गावानं हात लावला. पाये खणायला विहाराकडच्या आणि मंदिराकडच्या दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं आली, बायांनी रेती-गिट्टी वाहिली, पाटलांचा ट्रॅक्टर लोखंड आणायला धावला. वरठीचे माझे सोबती सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर येऊन माझ्याबरोबर जोडकाम करायचे. वकीलबाई खाली उभ्या राहून ओरडायच्या, "थे फट काहून दिसते गा तिथं?" मी वरून सांगायचो, "फट नोहे मावशी, सावली हाय!" त्यावर त्या जागा बदलून पुन्हा बघायच्या.

पंप सुरू करायचा दिवस आला. बटण त्यांनीच दाबावं असा सगळ्यांचा आग्रह. त्यांनी मामाजींना पुढे केलं. मामाजींनी डाव्या हातानं बटण दाबलं. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं. वरच्या टाक्यात पाणी धो धो पडायला लागलं आणि तिथून पाटात उतरलं. वकीलबाई लुगडं खोचून पाण्याच्या पुढे पुढे धावत निघाल्या. प्रत्येक बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, ओरडत होत्या, "आलं वं! आलं! दिवसा आलं!" त्यांच्यामागे बाया, बायांमागे आम्ही. अगदी शेवटच्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा त्या त्यात उभ्या राहिल्या. मग पाटलीणबाईंनीच ओंजळभर पाणी त्यांच्या अंगावर उडवलं, आणि त्या हसल्या.

त्या वर्षीची मंडई पॅनलांच्या सावलीत भरली. आजूबाजूच्या गावांचे लोक जिलेबी खाता खाता वर मान करून बघत होते. पुढे ती गावं वकीलबाईंना बोलावू लागली. त्या जायच्या, भांडायच्या, आणि तिथल्या बायांना भांडायला लावूनच परतायच्या.

यंदा उन्हाळी धानाचे रोवणे सुरू असताना त्या गेल्या. दोनच दिवसांचा ताप. अंगणात माणूस मावत नव्हता. पंप सांभाळणारा गडी मामाजींजवळ आला, हळूच म्हणाला, "आज बंद ठेवतो पंप."

मामाजींनी मान हलवली. "नको. रोवणा सुरू हाय बाप्पा. पाणी चालू राहू दे."

आम्ही वकीलबाईंना खांद्यावर घेऊन बांधावरून निघालो. दोन्हीकडच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, ऊन चढलेलं. रोवणाऱ्या बाया हातातल्या रोपांसकट उभ्या राहिल्या, तशाच त्यांनी हात जोडले. आम्ही पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं. त्या पुन्हा वाकून धान लावत होत्या.