किमुरांचं सुतक

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी व्यासपीठावर होतो. हयातभर शाल-श्रीफळाची टिंगल केलेल्या माणसाला, निवृत्तीनंतर शाल-श्रीफळ घेत असतानाच बहिणीचा असा फोन यावा, यात काहीतरी न्याय असावा. खिशात फोन थरथरत राहिला, मी नारळ सांभाळत राहिलो. सत्कारमूर्तींची रांग मोठी होती आणि माझ्याबद्दल बोलणाऱ्या गृहस्थांना माझं नाव सोडून सगळं पाठ होतं. खाली उतरून फोन लावला तेव्हा अक्का एवढंच म्हणाली, "गेले रे सुधाकर. ये." आणि फोन ठेवता ठेवता, विसरलेली पिशवी आठवावी तशी म्हणाली, "आन् किमुरावाकडं कळवायचं तुझ्याकडं. इंग्रजी तुलाच येतंय."

दाजी म्हणजे गंगाधरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. झरीचे शेतकरी. आणि अक्का ज्याला किमुराव म्हणते तो किमुरा हा चाळीसेक वर्षांपूर्वी झरीत आलेला एक बारीक चणीचा जपानी तरुण. तुती लावून रेशमाचे किडे कसे पाळायचे ते शिकवायला तो कुठल्याशा योजनेतून आला होता. त्याची सोय विश्रामगृहात केलेली होती, पण विश्रामगृहाची किल्ली ज्याच्याकडे होती तो वालूरला लग्नाला गेला होता. दाजींनी त्याला दोन दिवसांसाठी म्हणून घरी आणलं. तो उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या ओसरीवर राहिला. दाजींच्या आईनं, म्हणजे मायनं, त्याला भाकरी कुस्करून दुधात कशी खायची ते शिकवलं. त्याला मराठी फारसं आलं नाही, पण "लय तिखट" आणि "बास, माय" हे दोन वाक्प्रचार तो अस्सल झरीच्या हेलात बोलायचा. उन्हानं किडे मेले. योजना यशस्वी झाल्याचा समारंभ मात्र ठरल्याप्रमाणे पार पडला.

त्या उन्हाळ्यातच माय गेली. दहाव्याला भावकी नदीवर ओळीनं बसली. न्हावी एकेकाचं डोकं करत पुढे सरकत होता, आणि ओळीच्या शेवटी किमुरा येऊन बसला... शर्ट काढून, मान खाली घालून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. न्हावी थांबला. "ह्यांचं बी करायचं का?" भावकीतले थोरले, दाजींचे चुलते, खेकसले, "परका माणूस हाय तो. उठवा त्याला." तेव्हा दाजी, जे चुलत्यांसमोर कधी मान वर करून बोलत नसत, म्हणाले, "काका, मायच्या हातची भाकर तुमी वाटण्या झाल्यापासून खाल्ली न्हाई. ह्यानं रोज खाल्ली. करा त्याचं डोकं." न्हाव्यानं केलं. मी तिथेच झाडाखाली उभा होतो, केसांसकट. सुनेच्या माहेरच्यांना मुंडन नसतं.

पुढे किमुरा गेला. दोन-तीन वर्षं नव्या वर्षाचं कार्ड येत राहिलं, मग तेही थांबलं. अक्कानं पाठवलेलं एक पत्र शिक्के खाऊन परत आलं. त्याचं पाळण्यातलं नाव आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. मी त्याच्याशी तो अख्खा उन्हाळा इंग्रजी बोललो होतो, मलाही येईना. तो किमुरा होता, तेवढं झरीला पुरलं होतं.

पण दाजींच्या लेखी हिशेब सरळ होता. त्यानं केस दिले, म्हणजे तो भावकीत आला. तो भावकीत आला म्हणजे त्याचं आडनाव आलं, आणि आडनाव आलं म्हणजे घराणं आलं. गावातल्या हॉटेलात रोज पेपर यायचा. त्यात कुठेही किमुरा दिसला की दाजी तो मजकूर दोनदा वाचत. कुणी किमुरा धावण्यात पदक जिंकला की त्या दिवशी हॉटेलातल्या सगळ्यांना जिलबी. कुणी चित्रकार, कुणी वैज्ञानिक, कुणी गाणारी बाई... जगात नाव काढलेले किमुरा बरेच आहेत, हे मला दाजींमुळे कळलं. आणि कुणी किमुरा वारल्याची बातमी आली की दाजी घरी येत, अंगणातल्या आंघोळीच्या दगडावर अंगावरच्या कपड्यांनिशी बसत आणि थंड पाण्याची घागर डोक्यावर ओतून घेत. लांबच्या भावकीतलं माणूस गेल्याचं उशिरा कळलं तर आपल्याकडे आंघोळ करतात, तशी. मग पंचा पिळून तारेवर टाकत. तारेवर अवेळी पंचा दिसला की गल्लीतली माणसं विचारत, "गंगाधरराव, जपानात कोन गेलं?"

भावकी अर्थात गप्प बसत नव्हती. एका पंगतीत चुलतभावानं खडा टाकला, "गंगाधर, तुही जपानची भावकी पंगतीला कव्हा यायलीय?" दाजी वरण ओतून घेत म्हणाले, "ती निदान लांब हाय म्हणून येत न्हाई. तू येतूस अन् रुसून बसतूस."

मी एकदा त्यांना समजावायला बसलो. आपण शिकलेले आहोत आणि समोरच्याला ते कळलंच पाहिजे, अशी त्या काळी माझी समजूत होती. म्हटलं, "दाजी, किमुरा हे त्यांच्याकडं अगदी साधं आडनाव हाय. आपल्याकडं जाधव असतात तसं. लाखांनी असतील. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो." दाजींनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. म्हणाले, "सुधाकर, आपल्या भावकीत अर्धे माझ्याशी बोलत न्हाईत. त्येंचा तरी कुठं संबंध हाय? तरी धरतोच ना सुतक." मग सुपारी तोंडात टाकत, "लय हायत म्हणून सोडून द्यायचं का?" मी हसलो. मी शिकवायचो त्या कॉलेजात चहाच्या वेळी हा संवाद मी रंगवून सांगायचो. लोक खूप हसायचे. पुढे एका लग्नात आमच्या एका प्राध्यापक मित्रानं दाजींना गाठलं आणि माझ्यादेखत विचारलं, "जपानचे सोयरे तुमचेच ना?" दाजींना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हसून म्हणाले, "सोयरे न्हाई साहेब, भावकी." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "सोयरे हे."

दाजींना एकदाच मी खजील झालेलं पाहिलं. कुणी एक किमुरा नावाचा अधिकारी पैसे खाताना सापडल्याची चार ओळींची बातमी आली होती. दाजी आठवडाभर हॉटेलात गेले नाहीत. अक्कानं मला बोलावून घेतलं, "ह्येंना जरा समजावून सांग." दाजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "घरातलं माणूस असं निघालं. लोकायला तोंड कसं दाखवावं?" मला हसू आवरेना, ते मी खोकल्यात लपवलं. आता वाटतं, आपल्या माणसासाठी लाज वाटणं त्या माणसाला जमत होतं. मला आयुष्यभर जमली ती दुसरी लाज... आपल्या माणसांची.

दाजींचं सगळं रीतीप्रमाणे झालं. न बोलणारी भावकीही आली, ओळीनं बसली, डोकी झाली. मेहुण्याला सुतक नसतं. स्मशानातून येऊन आंघोळ केली की तो मोकळा. मी मोकळाच हिंडत होतो. चौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर दाजींच्या फोटोपेक्षा लावणाऱ्याचा फोटो मोठा होता, तो बघून मनातल्या मनात चेष्टेची दोन वाक्यं जुळवूनही झाली. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. आपल्याकडे त्या घासानं दुखवटा सुटतो. भाच्यानं आईच्या ताटात बुंदी वाढली, अक्कानं ती बाजूला सारली.

"तुमी खावा. माझं एक घर कळवायचं राहिलंय."

मी म्हणालो, "अक्का, तो कुठं हाय तेच माहीत न्हाई. जिवंत तरी असेल का..."

"मग दुसऱ्याला कळीव. भावकीत एकाला कळलं की सगळ्याला कळतंय."

"तसं नसतंय गं तिकडं."

"तुला काय माहीत? तू काय भावकीत हाईस?"

ती भांडत नव्हती, वस्तुस्थिती सांगत होती. पुढे आठवड्यामागून आठवडे तिनं चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. भाचा फोन करायचा, "मामा, काही तरी करा. तिला चक्कर यायलीय." भावकीतल्या बायका म्हणत, ढोंग आहे. मला सोपा मार्ग दिसत होता : कळवलं म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण अक्का पुढे विचारणार होती, "मग? आंघोळ केली का त्यानं?" आणि या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याइतका मी धीट नव्हतो.

शेवटी तिच्याच ओसरीवर बसून मी फोनवर शोधाशोध केली. किमुरांची रांगच्या रांग समोर आली. खेळाडू, नट, चित्रकार, पुढारी. दाजींनी पाहिली असती तर जिलबीला पैसे पुरले नसते. त्यांत एका विद्यापीठात रेशमाच्या किड्यांवर काम करणारे एक प्राध्यापक किमुरा सापडले, पत्त्यासकट. निदान किडे तरी तेच, एवढ्याच आधारावर मी ईमेल लिहिली. मुंडनाचं लिहिलं, दाजींच्या आंघोळींचं लिहिलं, अक्काच्या बिनसाखरेच्या चहाचं लिहिलं, आणि जमल्यास आपण आंघोळ करावी अशी विनंती केली. लिहिताना कान गरम झाले होते. आपल्याला कुणी वेडा समजेल, या धास्तीनं मी शेवटी दोन ओळी जोडल्या : ही खेड्यातल्या अशिक्षित माणसांची भाबडी समजूत आहे, मी स्वतः असलं काही मानत नाही, तसदीबद्दल क्षमा असावी. अक्का म्हणाली, "काय लिवलंस ते वाचून दाखीव." मी मराठीत वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी सोडून.

तीन-चार दिवसांनी उत्तर आलं. मी ते उघडून पुरतं वाचण्याआधीच झरीला गेलो, कारण चांगली बातमी घेऊन जाणारा माणूस होण्याची मला घाई झाली होती. अक्का दारातच होती. "वाच."

मी वाचत गेलो, मराठी करत गेलो. त्या प्राध्यापक बाई निघाल्या. किमुरा हे त्यांच्या नवऱ्याचं आडनाव. त्यांनी विचारलं होतं, मी जन्मानं किमुरा नाही, लग्नानं आहे. तरी माझी आंघोळ चालेल का?

अक्का ताठ बसली. "म्हंजे सून हाय. सून म्हंजे भावकीच की! मी तरी कोन हाय मग? फुडं वाच."

पुढे लिहिलं होतं : आमच्याकडे रोजच संध्याकाळी आंघोळ करतात. ती या कामी धरतात की नाही हे मला माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा केली. नवऱ्यानंही केली. त्या तरुण किमुरांना आम्ही ओळखत नाही, पण सासऱ्यांना सांगितलं आहे, ते आणखी चौघांना सांगतील...

"बग," अक्का म्हणाली. "एकाला कळलं की सगळ्याला कळतंय." तिनं पदर डोळ्यांना लावला. मी थांबलो. "आता कामून थांबलास? संपलं का?"

संपलं नव्हतं. शेवटी एक ओळ होती. आपण क्षमा कशाबद्दल मागितली आहे, हे मला समजलं नाही. माझ्या इंग्रजीचा दोष असेल.

मी ती वाचली. का वाचली, कुणास ठाऊक. अक्कानं विचारलं, "कशाची माफी मागितली होतीस रं?"

"काही न्हाई. इंग्रजीत तसं लिहायची पद्धत असती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दाजी त्या लग्नात माझ्याकडे न बघता जसं बोलले होते, त्याच्या अगदी उलट... ती बघत राहिली आणि बोलली नाही. मग उठून आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. गुळाचा खडा तोंडात घोळवत बाहेर आली आणि म्हणाली, "चहा घेशील?"

परवा रविवारी झरीला गेलो. गेटातून आत शिरतानाच दिसलं, अंगणात तारेवर दाजींचा लाल काठाचा पंचा वाळत घातला होता. टोकाला अजून थेंब होते. आंघोळीचा दगड ओला होता आणि शेजारी घागर उपडी घातलेली होती. दुपारचे दोन वाजले असतील, आंघोळीची वेळ नव्हती. अक्का ओसरीवर ओले केस मोकळे सोडून बसली होती, पुढ्यात पेपर.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"चित्रं काढायचा म्हणं. वय झालं होतं." मग तिनं माझ्याकडे वर पाहिलं. "तुला काई लागत न्हाई. ये आत."

मला खरंच काही लागत नव्हतं. मी दगडाच्या कडेला उभा राहिलो, पाय धुतले आणि आत गेलो.