उकिरडा बघायला आलेल्या मॅडम

मी नेमकं काय शिकते, हे आमच्या गावात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. चुलत्यांच्या मते मी डॉक्टर होते, फक्त सुई टोचायला न शिकलेली. शेजारच्या काकूंना वाटायचं मी खताच्या दुकानात आहे. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पारावर बसून सांगायचे की पोरगी मोठ्या रोगावरचं औषध काढतीय. त्यामुळे सुट्टीत घरी गेले की दोन-चार म्हाताऱ्या आपापले गुडघे घेऊन अंगणात हजर असायच्या.

खरं काम सांगण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी बुरशी पाळत होते. कडबा, उसाचं पाचट, तुराट्या असला काडीकचरा बुरशी कुजवते, ती तिच्या अंगातून पाझरणाऱ्या प्रोटीनच्या जोरावर. त्या प्रोटीनमध्ये फेरफार करून ते इतकं काटक करायचं की कडक उष्णतेतही त्यानं काड्या मोडाव्यात आणि त्यातली साखर सुटी करावी, हे माझं काम. प्रोटीन ही बारीक मण्यांची लांबलचक माळ असते. तिच्यातला एखादा मणी काढायचा, तिथं दुसरा ओवायचा आणि काय बिघडतं ते बघत बसायचं. बिघडायचंच. माझ्या हातून सुधारलेलं प्रत्येक प्रोटीन मूळच्यापेक्षा आळशी निघालं आणि जरा ऊब वाढली की दुधासारखं नासलं. आमच्या शेजारी तेरखेड्याला लोक फटाके बनवतात, ते निदान वाजतात तरी. माझ्या कामाचा आवाजही येत नव्हता.

मग एका वैशाखात मी गावी गेले आणि आमच्या उकिरड्यासमोर उभी राहिले. गोठ्याच्या भिंतीला लागून तो पिढ्यान्पिढ्या आहे. शेण, मूत, गुरांनी टाकलेलं चघाळ, घरातला केर, सगळं तिथंच जातं. दिवाळीला आई त्याच्यावर पणती ठेवते, एरवी त्याच्याकडं कुणी बघत नाही. त्या दिवशी त्यातून वाफ निघत होती. आत हात घातला, तर ठेवू देईना. आणि त्या असल्या धगीत कडब्याच्या चिपाडांवर पांढरट बुरशी खुशाल माजलेली होती. मी जे काटक प्रोटीन घडवायला शिष्यवृत्ती खात होते, ते आमच्या गोठ्यामागं फुकट पाझरत होतं. चटणीच्या डबीत चिमूटभर भरून नेली. ती डबी परत आणू नकोस, एवढंच आई म्हणाली.

प्रयोगशाळेत त्या बुरशीचं प्रोटीन चटका बसेल अशा पाण्यातही नासलं नाही, कडबा मोडत राहिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसल्या. आता त्या प्रोटीनची माळ पहिल्या मण्यापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढायची आणि मग हवा तो मणी बदलायचा. माळ अर्धी वाचून झाली आणि मी माती खाल्ली. कौतुकाच्या भरात मी त्या बुरशीला कडब्याऐवजी साखर घातली. आयतं मिळाल्यावर कोण कशाला राबेल? तिनं प्रोटीन सोडणं बंद केलं. तेवढ्यात त्या साखरेवर दुसरीच कुठली तरी हिरवी बुरशी येऊन बसली आणि तिनं माझ्या बुरशीचा निकाल लावला. वेगळा जपून ठेवावा असा वाटा मी ठेवलाच नव्हता. असला वाटा पहिल्याच दिवशी ठेवतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं.

शिष्यवृत्तीचे सहा महिने उरले होते. तेवढ्यात ती बुरशी मिळाली नाही तर माझा प्रबंध बुडाला. म्हणजे इतकी वर्षं शिकून मी गावी परत जाणार होते, ती गुडघ्याचं औषधसुद्धा न घेता.

मॅडमनी पोटभर बोलून घेतलं. मग म्हणाल्या की त्याच उकिरड्यातून पुन्हा आणू, आणि या वेळी त्या स्वतः येणार. तुळजापूरला देवीची ओटी भरायचीच होती, दर्शन घेऊन तसंच आमच्या गावाला जाऊ. मी आनंदानं अण्णांना फोन लावला. मॅडम चार दिवसांनी येताहेत, आपला उकिरडा बघायला, असं सांगितलं.

"आपलाच कशापायी?" अण्णांनी विचारलं. "गावात काय कमी हायत का?"

आपला सगळ्यात चांगला आहे, असं म्हणून मी फोन ठेवला. हात लावू नका, हे तीन शब्द तेवढे बोलायचे राहिले.

आमच्या गावात बाहेरचं माणूस बघायला येणार म्हटलं की काय करायचं, हे ठरलेलं आहे. शाळा बघायला साहेब येणार, शाळेला चुना. मुलगी बघायला पाहुणे येणार, मुलीला पावडर. एकदा स्वच्छतेची समिती गाव बघायला आली, तेव्हा अख्ख्या गावानं एका सकाळीत उकिरडे हलवले होते आणि समिती गेल्यावर दुसऱ्या सकाळीत परत आणले होते. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते. तरी मला सुचलं नाही.

मॅडमच्या कपाळावर देवीचं कुंकू, अंगावर दर्शनाची रेशमी साडी आणि मांडीवर निर्जंतुक नळ्यांची पेटी. अशा थाटात आमची गाडी अंगणात शिरली. गोठ्याच्या भिंतीला लागून सपाट जमीन होती. मुरूम टाकून चोपलेली, वरून शेणानं सारवलेली, मधोमध ठिपक्यांची रांगोळी. बाजूला चादर घातलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, शाल आणि नारळ घेऊन सरपंच, मागं चुलते आणि निम्मी गल्ली. अण्णांनी इस्त्रीची टोपी घातली होती.

उकिरडा कुठाय, असं मी विचारलं.

"काढला की," अण्णा खुशीत म्हणाले. "जेसीबी लावून. निशाणीसुद्धा ठिवली न्हाय."

सगळं खत रानात विस्कटून वर नांगरटही झाली होती. म्हणजे ती बुरशी आता एवढ्या मातीतून शोधायची, पिठात पडलेलं मीठ वेचावं तशी. मी एका खुर्चीवर बसले आणि गल्लीदेखत रडायला लागले. मला अण्णांचा भयंकर राग आला होता. आणि चूक माझी होती, म्हणून तो जास्तच आला होता.

काय चुकलं, हे अण्णांनी मला नाही, मॅडमना विचारलं. मॅडम पुण्याच्या, त्यांना आडपडदा माहीत नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं की काका, हिचा सगळा अभ्यास तुमच्या उकिरड्यातल्या बुरशीवर आहे, ती मिळाली नाही तर इतक्या वर्षांचं शिकणं वाया जाईल. औषधाबद्दल एक शब्द नाही. चुलत्यांनी अण्णांकडं पाहिलं. सरपंचांनी शाल या हातातून त्या हातात घेतली.

अण्णांनी टोपी काढून सरपंचांच्या हातात दिली, गोठ्यातून टिकाव आणला आणि पहिला घाव रांगोळीच्या मधोमध घातला.

"पोरगी औषधबिवषध काय काढत न्हाय," ते खाली बघतच म्हणाले. "म्याच तसं सांगत हुतो. ती उकिरड्यावर शिकलीय. खुर्च्या उचला तेवढ्या."

खुर्च्या उचलल्या. थोड्या वेळानं चुलत्यांनीही खोरं घेतलं. मुरूम बाजूला पडत गेला, खाली नुसती कोरडी जमीन लागत गेली. जेसीबीवाल्यानं काम मन लावून केलं होतं, आमच्याकडं नेमकं नको तिथं माणूस मन लावून काम करतो. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं जेसीबीचं तोंड पोचलं नव्हतं, तिथं काळा ओला थर लागला. अण्णा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

"गरम हाय," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

पुढचा अर्धा तास मॅडम रेशमी साडीत, सत्काराच्या शालीवर मांडी घालून नळ्या भरत होत्या. खड्डा खणलाच आहे तर म्हणून आईनं नारळ तिथंच फोडला आणि खोबरं वाटलं. सरपंच दोन्ही हातांत अण्णांची टोपी धरून शेवटपर्यंत उभे होते, कारण ती परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

त्या नळ्यांतल्या एकीतच आमची बुरशी उगवली. या वेळी तिला साखर दाखवलीसुद्धा नाही, घरचा कडबा तेवढा घातला. माळ शेवटच्या मण्यापर्यंत वाचून झाली, मी एक मणी बदलला आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काही बिघडलं नाही. प्रबंध वेळेत गेला. म्हाताऱ्यांनी अंगणात यायचं बंद केलं आहे. चुलते मात्र मला अजून डॉक्टर म्हणतात, आणि आता ते खरंही आहे.

अण्णांनी त्यानंतर उकिरडा उपसलेला नाही. गोठ्याच्या पत्र्याला टेकेल इतका तो वाढला आहे, आणि रानाला लागणारं शेणखत ते दुसऱ्यांकडून आणतात. घरचं असताना गावभर खत मागत फिरणारा माणूस बघितला नव्हता, असं आई मला फोनवर ऐकवते. दिवाळीची पणतीही आता तेच ठेवतात. पूर्वी दर रविवारी फोन करून शिक्षण कधी संपणार हे विचारायचे. आता आधी गोठ्यामागं जाऊन येतात आणि मग फोन लावतात.

"हात ठिवू देत न्हाय बघ आज," ते सांगतात. "पायजे तवा ये."

माळ एकदा पुरती वाचून झाली की ती कागदावर असते. मग त्या प्रोटीनसाठी ना ती बुरशी लागते, ना तो उकिरडा. हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील. बरं झालं, असं मी म्हणते, आणि किती गरम आहे ते नीट विचारून घेते.