एकोणीस जणांनी पाहिलं

टेलिफोन ही वस्तू तूबाच्या लेखी दगड होती. दोन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला, कान गेले, आणि त्यानंतरची छप्पन्न वर्षं ती इराणातल्या हमदानमध्ये हातांनीच बोलत आली. बोलते म्हणजे काय, भाजीवाल्याशी भांडायला लागली तर भाजीवाला गप्प बसतो, इतकी बोलते! म्हणून मीही इथे 'ती म्हणाली' असंच लिहिणार. 'तिने खुणा केल्या' असलं मिळमिळीत काही लिहिणार नाही. ज्याला खटकेल त्याने खटकून घ्यावं.

शाळेच्या मुलींचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा. नवराही बहिराच होता, तो गेला तेव्हा मुलगा पुयान सहावीत. पुयानला ऐकू येतं, पण तोंडाने बोलायच्या आधी तो हातांनी बोलायला शिकला. आता तो स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ट्राम दुरुस्त करतो. इथे असताना मोर्चात गेला, नाव कुठल्याशा यादीत चढलं, आणि एके दिवशी डोंगर ओलांडून गेला तो गेलाच. त्याला इकडे येता येत नाही. तिने तिकडे जायला दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार. उरला काय, तर शुक्रवार. शुक्रवारी दुपारी चार वाजता तूबा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची, हात नीट दिसावेत म्हणून मागचा पडदा ओढायची आणि तासभर लेकाशी बोलायची.

तुम्ही म्हणाल, मेसेज करावा. अहो, लिहिलेली फारसी तिला येते ती पत्ता वाचण्यापुरती, मापं लिहिण्यापुरती. लेक हसतोय की आत्ताच रडून आलाय, हे अक्षरांत कुठे दिसतं? तिला हात दिसायला हवेत आणि हातांमागचा चेहरा.

आता परदेशी कॉलची सगळी ॲप आमच्याकडे बंद. ती उघडायची तर व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारी चोरवाट हवी, आणि बाजारातलं व्हीपीएन आज चालतं, उद्या मरतं. मागचं मेलं तेव्हा तूबाने चार महिने लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. मशीनवर बसल्या बसल्या डोळे भरायचे आणि शिवण वाकडी जायची. शेवटी इस्तंबूलहून परतणाऱ्या एका बाईने बुटात दडवून एक कागद आणला. त्यावर अक्षरं-आकड्यांची वीतभर ओळ. पुयानने तिकडे एक यंत्र भाड्याने घेऊन स्वतः बांधलेल्या वाटेची ती किल्ली होती. तूबाने जीभ दातात धरून एकेक अक्षर फोनमध्ये घातलं, आणि लेक समोर आला.

पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "आई, ही फक्त तुझी. फार तर आणखी दोघांची. पहारेकऱ्यांना आत काय चाललंय ते दिसत नाही, पण अनोळखी दाराबाहेर किती चपला पडल्यात ते दिसतं. गर्दी दिसली की दार बुजवतात."

"बुजवलं तर दुसरं दे."

"देईन गं, पण तुझ्यापर्यंत आणू कसं? उघड्या मेसेजवर धाडलं तर तुझ्या दारात माणसं येतील. नवी किल्ली द्यायची तर ह्याच वाटेने. म्हणून जप."

"मी काय तुझ्यासारखी धांदरट आहे?" तूबा म्हणाली.

आणि नेमकी तीच धांदरली.

मोनीर ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, तीही बहिरी. मोनीरची मुलगी, आईसारखीच बहिरी, हॅम्बुर्गला बाळंत झालेली. कुणाकरवी नातवाचा फोटो आला होता. "फोटोतलं पोर माझ्याकडे बघत नाही गं," असं मोनीर दर भेटीत म्हणायची. तूबाने तीनदा ऐकून घेतलं, चौथ्यांदा विरघळली. दोघांना चालेल असं पुयाननेच सांगितलं होतं ना! पण बहमन महिना, गुडघाभर बर्फ, मोनीरचं घर दोन बस बदलून. मोनीरच्या फोनवर चालायचं फक्त देशी ॲप, ज्यावर सरकारचा डोळा. तूबा मनाशी म्हणाली, एक ओळ तर धाडायची, कोण बघतंय मंगळवारी दुपारी? अगं बाई, बूट घालून गेली असतीस तर काय बिघडलं असतं!

तिने व्हीपीएन बंद केलं, कारण ते चालू असलं की देशी ॲप उघडत नाही. गुलाबी गुलाबावर बोट ठेवलं, ती ओळ चिकटवली आणि धाडली. आमच्याकडे बायका फोटोच्या जागी स्वतःचा चेहरा लावत नाहीत, फूल लावतात. मोनीरचा गुलाबी गुलाब होता. पण दोनच दिवसांपूर्वी बहिऱ्यांच्या मंडळाच्या ग्रुपवरही कुणीतरी हौसेने गुलाबी गुलाबच लावला होता, आणि कुणाच्या तरी मयतीची बातमी आल्यामुळे तो ग्रुप सगळ्यात वर येऊन बसला होता.

मंडळाचे त्रेसष्ट सभासद. चौसष्टावे वोसूकी साहेब, मंडळावर देखरेख ठेवायला वरून नेमलेले, ऐकू येणारे. सहा वर्षांत ते हातांचे तीन शब्द शिकले होते: बसा, उठा, सही करा.

तूबा चहा ओतून परत आली, फोन उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओळीखाली आकडा होता, एकोणीस जणांनी पाहिलं. पुसायचं बटण तिसऱ्या खेपेला दाबलं गेलं. ओळ गेली. पण ते एकोणीस कोण, त्यांत वोसूकी आहेत की नाहीत, ते कसं कळणार?

बुधवारचा दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. मशीनवर बसवेना. तिच्या दाराची घंटा म्हणजे आत लागणारा लाल दिवा. अकराच्या सुमाराला तो लागला, आणि तिची पाचावर धारण बसली. फोन तांदळाच्या पोत्यात खुपसला, रुमाल डोक्यावर ओढला, दार उघडलं. गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस! त्याने आकडा टिपला आणि गेला.  ऐकू येणाऱ्यांना निदान जिन्यावरची पावलं कळतात, गाडी थांबल्याचं कळतं. तिला काहीच कळत नाही. माणूस एकदम समोरच उभा असतो. म्हणून दिवसभर ती खिडकीला नाक लावून गल्लीकडे बघत राहिली.

संध्याकाळी वोसूकींचा निरोप ग्रुपवर आला. उद्या सकाळी दहा वाजता सर्वांनी मंडळात हजर राहावं.

बहिऱ्यांच्या सभागृहात कुजबुज नसते बरं. एका कोपऱ्यातला हात दुसऱ्या कोपऱ्यातून वाचता येतो. एरवी त्या खोलीत हातांचा नुसता गलका असतो. त्या गुरुवारी बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. एकही हात हलेना. तूबाला वाटलं, झालं, सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि सगळे माझ्यापासून लांब सरकलेत. 

वोसूकी बोलायला लागले आणि दुभाषी बाई हातांनी सांगू लागल्या. ग्रुपवर एक बेकायदा मजकूर आला होता. तो कुणी जपून ठेवलाय, कुणी वापरलाय, त्याने आत्ता उठून सांगावं. नाहीतर सगळ्यांचे फोन तपासले जातील.

कुणी उठेना.

"ऐकू येत नाही का?" वोसूकी ओरडले. दुभाषी बाईंनी तेही इमानाने सांगितलं.

नेमत सुतार, सत्तरीचा, पुढच्याच रांगेत. तो उठला, कानाला हात लावला आणि म्हणाला, "नाही हो साहेब. जरा मोठ्याने बोला."

दुभाषी बाई हसू दाबत खाली बघायला लागल्या. वोसूकी लालबुंद. मग मोनीर उठली. "साहेब, आम्ही अडाणी माणसं. असली गिचमिड आली की आम्हाला वाटतं फोन बिघडला. मी तर फोन दोनदा आपटलासुद्धा."

"आणि धाडलं कुणी?"

"नाव वाचायच्या आतच गेलं ते," नेमत म्हणाला.

पण त्या एकोणिसांत वोसूकीही होते, नाव त्यांना माहीत होतंच. सगळ्यांना घालवून त्यांनी तूबाला थांबवलं. कुणी दिलं? बसमध्ये एका बाईने. कोण बाई? चेहरा आठवत नाही. मुलगा कुठे असतो तुमचा?  कामासाठी बाहेर असतो, म्हणाली.  वोसूकींनी एक छापील कागद पुढे सरकवला. पुन्हा असं काही घडलं, तर शाळांच्या गणवेशाचं काम बंद आणि प्रकरण वर जाईल. साहेबांनी तिसरा शब्द वापरला. तूबाने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की तिचं तिलाच ओळखू येईना.

बाहेर गल्लीच्या वळणावर सगळे तिची वाट बघत थांबले होते. मोनीरने तिला छातीशी धरलं. कुणी फोडलं नाही! साहेब सोडून अठरा माणसं, एकानेही नाही! तूबाला रडूच फुटलं. एवढी माणसं आपली आहेत, हे तिला छप्पन्न वर्षांत असं कधी कळलं नव्हतं.

मग मोनीर तिला जरा बाजूला घेऊन म्हणाली, "तूबा, मी काल त्याला बघितलं. बाळाला. माझा हात हलला तिकडे त्याची नजर हलते गं! एक तास बघितलं."

"मी भावाला," नेमत म्हणाला. "सात वर्षांनी. मेला टकला झालाय."

मागून आणखी एक हात वर आला, मग आणखी एक. प्रत्येकाच्या तोंडावर हसू. तूबा ते हात मोजत होती. 

"पुसून टाका ना आता," ती म्हणाली. "धोका आहे. दार बुजवतील."

"हो हो, पुसतोच," नेमत म्हणाला. "एकदा भावाच्या मुलांशी बोलून घेतो, की पुसतो."

 पाच मिनिटांपूर्वी ह्याच माणसांनी तिच्यासाठी आपली मान पुढे केली होती. त्यांना तोंडावर म्हणायचं, की माझ्या लेकासाठी तुम्ही तुमची लेकरं बघू नका? तिचे हात उचलले गेले आणि खाली आले.

"उद्या चारला आम्ही येतो तुझ्याकडे," मोनीर म्हणाली. "पुयानचे आभार मानायचेत, आमच्याच हातांनी."

शुक्रवारी सकाळपासून तूबाने चारदा फोन हातात घेतला आणि चारदा खाली ठेवला. वेळेआधी उघडून बघायचा तिला धीरच होईना. साडेतीनला मोनीर आणि नेमत आले. मोनीरने कोमाज, आमच्याकडचा गोड पाव, भाजून आणला होता, अजून गरम. नेमतने ठेवणीतला कोट घातला होता.

"पडदा ओढू?" मोनीरने विचारलं.

चार वाजले. तूबाने फोन साखरेच्या डब्याला टेकवला, व्हीपीएन उघडलं, बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. तिघं त्याच्याकडे बघत होती. चक्र थांबलं, जोडता आलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुयानचं चित्र उमटलं, अर्धवट, एक हात वर उचललेला. तो काहीतरी म्हणायला लागला होता. तो हात तसाच राहिला आणि मग फोनचा पडदा काळा झाला.

तूबा दाबत राहिली.  दहा वेळा, वीस वेळा, कितीतरी वेळा.

"माझंही दुपारपासून असंच करतंय," मोनीर म्हणाली. "मला वाटलं माझाच फोन."

"तू कुणाला दिलीस?" तूबाने विचारलं.

"कुणाला नाही! फक्त बहिणीला. तिचा मुलगा कॅनडात आहे ना."

तूबाने नेमतकडे पाहिलं. म्हातारा कोटाची गुंडी चाळवत होता. "वहिनीला, ती इकडेच राहिलीय ना," तो म्हणाला. "आणि कारखान्यातल्या दोघांना. त्यांचंही कुणी आहे तिकडे, त्यांचंही मन आहे. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं."

मोनीरच्या बहिणीने कुणाला दिली, कारखान्यातल्या त्या दोघांनी कुणाकुणाला, आणि उरलेल्या सोळा जणांनी? तूबाने विचारलं नाही. रागवावं म्हटलं तर कुणावर? तिनेही एका मैत्रिणीलाच तर द्यायला घेतली होती.

"एवढं तोंड पाडू नकोस," नेमत म्हणाला. "पोरगा हुशार आहे तुझा. आजच्या आज सांग त्याला, दुसरी किल्ली दे म्हणावं. ह्या खेपेला कुणाला देणार नाही, शपथ."

"हो गं," मोनीर म्हणाली. "सांग ना पुयानला."

तूबाने दोघांकडे पाहिलं. मग काळा पडलेला फोन उचलून मोनीरच्या हातात दिला आणि तिचे स्वतःचे हात मोकळे झाले.

"कुठल्या वाटेने सांगू?" ती म्हणाली.