टेपआत्यानं लावलेली रांग

आमच्या गल्लीची टेपआत्या गेली त्याला आता सव्वा महिना झाला. मशीनच्या सुईखाली एका शर्टाची बाही अजून तशीच आहे, अर्धी शिवलेली. ती काढायला कुणाचा हात होत नाही. तिचा विषय निघाला की जो तो तिच्या शिलाईचं सांगतो, आणि शिलाई होतीच तशी, नाही कोण म्हणतं. पण खरं सांगण्यासारखं दुसरंच आहे, बारकीच्या ॲडमिशनच्या वेळचं. ते सांगायचं राहून जायला नको.

गळ्यात कायम टेप, म्हणून टेपआत्या. भाजी घ्यायला गेली तरी टेप, झोपताना तेवढी उशाला. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासायला नळी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, बाई, आपल्या दोघांपैकी कुणीतरी एकानं गळ्यातलं काढायला पाहिजे. तर ही म्हणाली, मग तुम्हीच काढा, माझं काम चालू आहे. धाकट्या भावाच्या घरात पुढची खोली तिची. दोन मशिनी, आणि कापायचं टेबल म्हणजे घराचं जुनं दार, दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं. कडीची भोकं अजून होती त्याला. जवळच्या शाळेचे सगळे युनिफॉर्म तिच्याकडे. सहाशे पोरं. बावीस वर्षांच्या मापांच्या वह्या कपाटावर रचून ठेवलेल्या.

भाऊ बस डेपोत मेकॅनिक. त्याची एकुलती एक पोरगी बारकी. बारकीला पूल बांधायचं शिकायचं होतं. लहानपणापासून तेच डोक्यात. त्याच्यासाठी ती मोठी प्रवेश परीक्षा दिली. सव्वा लाख पोरं बसली होती त्या परीक्षेला.

निकाल लागला त्या दिवशी भावानं मोबाईलवर बघितलं, चौऱ्याण्णव पॉइंट दोन. डेपोभर सांगून आला, पोरीला चौऱ्याण्णव टक्के. चहा पाजला सगळ्यांना. संध्याकाळी डेपोतला कारकून घरी आला, त्याच्या पोरानंही तीच परीक्षा दिलेली. त्यानं चष्मा लावून बारकीचा कागद बघितला आणि म्हणाला, अहो, हे टक्के नाहीत, हे पर्सेंटाइल आहे. मार्क इकडे आहेत बघा, तीनशेपैकी एकशे बेचाळीस. म्हणजे सत्तेचाळीस टक्के.

भावाचं तोंड असं उतरलं की बघवेना.

तेवढ्यावर थांबला असता तर तो कारकून कसला. म्हणाला, माझ्या पोराला एकशे सत्तावन्न आहेत. आणि पर्सेंटाइल बघा, एक्याण्णव पॉइंट आठ. पंधरा मार्क जास्त आणि नंबर मागे. तुमच्या पोरीवर कॉम्प्युटर मेहरबान झालाय, मेकॅनिकसाहेब. सांभाळून राहा, चूक सापडली की काढून घेतात.

गंमत केली त्यानं. पण भावाच्या ती मनात जाऊन बसली. सरळ माणूस, दुसऱ्याचं चुकून आपल्याकडे आलेलं घरात ठेवणार नाही. रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी बारकीला सांगून टाकलं, आपण उगाच मोठ्या कॉलेजांच्या नादी लागायचं नाही. फॉर्ममध्ये पहिलं आपलं गावातलं कॉलेज टाकायचं. अठ्ठ्याहत्तरला सुद्धा तिथं घेतात. उद्या चूक काढली तरी तिथून कोण उठवतंय.

गावातल्या कॉलेजात पूल बांधायचं शिकवतच नव्हते. बारकी आत्याच्या खोलीत येऊन टेबलाखाली पडलेल्या चिंध्या गोळा करत बसली. आत्यानं पायडल थांबवलं आणि विचारलं, तुझा पेपर सकाळी होता का दुपारी? सकाळी, बारकी म्हणाली. आणि त्या कारकुनाच्या पोराचा? दुपारी. पेपर एकच होता का वेगळा? वेगळा. आमचा फार अवघड होता आत्या, पोरं रडत बाहेर आली.

आत्यानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग उठली, स्टुलावर चढली आणि कपाटावरची एक वही ओढून काढली. धुळीनं शिंका आल्या दोघींना.

त्या वहीत काय होतं ते सांगायला पाहिजे. नऊ-दहा वर्षांपूर्वी शाळेत मापं घ्यायला तिनं एक मदतनीस बाई घेतली होती. अ तुकडीची मापं त्या बाईनं घेतली, ब तुकडीची आत्यानं. घरी येऊन बघते तर अ तुकडीच्या पोरी सगळ्या बारीक. एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या, मग हे कसं? मग कळलं, बाईला दिलेली टेप जुनी, वापरून वापरून ताणलेली. ताणलेल्या टेपनं माप कमी येतं. शाळेला तर सुट्टी लागलेली, पोरी गावोगाव पांगल्या, परत मापं घ्यायची सोय नाही. दुसऱ्या कुणी सगळ्यांत एकेक इंच वाढवला असता आणि मोकळा झाला असता. आत्यानं तसं केलं नाही. तिनं दोन्ही तुकड्यांच्या पोरी कागदावर रांगेत उभ्या केल्या, बारीक ते जाड. इकडची दहावी तिकडच्या दहावीशेजारी, इकडची तिसावी तिकडच्या तिसावीशेजारी. तेव्हा दिसलं की बारीक पोरींत अर्ध्या इंचाचा फरक आहे आणि थोराड पोरींत इंचाच्या वर. अ तुकडीतल्या ज्या पोरीची रांगेत जी जागा, त्या जागेवरच्या ब तुकडीतल्या पोरीचं माप तिला दिलं. जून महिन्यात एक शर्ट परत आला नाही. एक पण नाही. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आता विचार केला की अंगावर काटा येतो.

तर ती वही आत्यानं बारकीपुढे उघडली आणि म्हणाली, तुमच्या परीक्षेत पण दोन टेपा होत्या. मार्क म्हणजे इंच. सकाळची टेप ताणलेली, म्हणून तुम्हा सगळ्यांचे इंच कमी. आणि हा चौऱ्याण्णव म्हणजे मार्क नाहीच गं, ही तुझी रांगेतली जागा आहे. शंभर पोरं उभी केली तर चौऱ्याण्णव तुझ्या मागे.

बारकी तिच्याकडे बघतच राहिली. पुस्तकात तिनं हे वाचलं होतं, तिला ते तेव्हा कळलं.

आत्या स्वतःच मग घाबरली. म्हणाली, मला वाटतंय असं, पण माझं काय खरं, मी कपडे शिवणारी बाई. ताडून बघू. आणि तिनं काय करावं? गल्लीतली, शाळेतली जी जी पोरं त्या परीक्षेला बसली होती, ज्यांचे चड्डी-शर्ट तिनं पहिलीपासून शिवले होते, त्यांना निरोप धाडले. दोन दिवसांत अकरा पोरं कागद घेऊन आली. मिशा फुटलेली पोरं, तिच्यासमोर अजून हात वर करून उभी राहायची, माप द्यायला उभं राहतात तशी. तिनं कापायच्या टेबलावर खडूनं दोन रांगा केल्या. सकाळवाले इकडे, दुपारवाले तिकडे. मार्क आणि पुढे पर्सेंटाइल. सकाळी एकशे वीस मार्क मिळालेल्या पोराला एकोणनव्वद. एकशे पन्नासवाल्या पोरीला पंचाण्णवच्या वर. आणि दुपारी एकशे चाळीसवाला सत्याऐंशीवर. एकही पोरगं इकडचं तिकडे सापडेना. बारकीचे एकशे बेचाळीस आपल्या रांगेत बरोबर बसले, काजात बटण बसावं तसे.

भावाला बोलावलं. हाताला ग्रीस तसंच, येऊन उभा राहिला. आत्यानं एकेक आकडा बोटानं दाखवत सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, कॉम्प्युटर म्हणजे शर्ट नसतो."

"नसू दे. पण चूक झाली म्हणतोस, ती काय अकरा जणांच्या बाबतीत ठरवून झाली? आणि झालीच असेल तर सकाळच्या सगळ्या पोरांना सारखीच झाली की. तुझ्या पोरीनं कुणाचं घेतलेलं नाही रे. तिची जागा तिच्या बरोबर बसलेल्या पोरांनी ठरवलीय."

भाऊ परत परत ती दोन रांगांची आकडेवारी वाचत होता. इंजिनात आवाज कुठून येतो ते ऐकतो तसा मान वाकडी करून. शेवटी म्हणाला, बरं, चूक नाही. पण तरी पहिलं नाव गावातल्याच कॉलेजचं टाकू. मोठं मागितलं आणि नाही मिळालं, तर लहानाचीही जागा जाईल. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?

हे खरं की खोटं ते आत्याला माहीत नव्हतं. माहीत नाही ते आधी विचारून घ्यायचं, हा तिचा मोठा गुण. दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून फॉर्म तपासायच्या केंद्रावर गेली, बारकीला घेऊन. फॉर्म पक्का करायची मुदत त्याच संध्याकाळी पाच वाजता संपत होती. तिथं ही गर्दी, आईबाप फायली छातीशी धरून उभे. दीड तासानं खिडकी आली. आतल्या बाईंचा घसा बसलेला. पसंतीक्रम विचार करून द्या, विचार करून द्या, एवढंच सगळ्यांना सांगत होत्या. आत्यानं विचारलं, "बाई, वरचं कॉलेज मागितलं आणि नाही मिळालं, तर खालच्यासाठी रांगेत मागे ढकलतात का?"

त्या बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "नाही. नंबर तोच राहतो. वरचं नाही मिळालं तरच खालचं बघतात. पण एक लक्षात ठेवा, यादीतलं पहिलंच मिळालं तर तेच घ्यावं लागतं, मग बदल नाही."

म्हणजे भावानं गावातलं कॉलेज पहिलं टाकलं असतं, तर ते मिळालंच असतं आणि दार बंद. सुरक्षित म्हणून जे केलं त्यानंच पोरगी अडकली असती. आत्या तिथंच बाकावर बसली. घाम पुसला. मग भिंतीवर मागच्या तीन वर्षांच्या याद्या डकवल्या होत्या, कोणत्या कॉलेजची शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली त्याच्या. तिनं बारकीला सगळ्या उतरवून घ्यायला लावल्या. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी बघून म्हणाली, बघ गं, दरवर्षी पोरं नवी आणि आकडा जवळपास तोच. माझ्या मापांचंही तसंच. बत्तीस नंबरचे शर्ट किती लागणार ते मला शाळा उघडायच्या आधी माहीत असतं. कोण पोरगी बत्तीसची होणार ते मात्र देवाला ठाऊक. हे बोलताना तिचा आवाजच वेगळा झाला होता, असं बारकी सांगते.

यादी अशी केली. दोन हाताबाहेरची, तीन हातातली, दोन खिशातली. पहिलं सरकारी कॉलेज, ते दरवर्षी पंचाण्णवच्या आसपास थांबायचं. दुसरं साडेचौऱ्याण्णवच्या जवळ, एका वर्षी चौऱ्याण्णवलाही थांबलेलं. दोन्हीकडे पूल शिकवत होते. गावातलं कॉलेज सगळ्यांत शेवटी.

दुपारी तीनला दोघी डेपोत. फॉर्म पक्का करायचा नंबर भावाच्या मोबाईलवर येणार होता, तो त्यानं सांगितल्याशिवाय काही होणार नव्हतं. तो बसच्या खाली आडवा. आत्या त्या तेलकट जमिनीवर उकिडवी बसली आणि खिडकीवरच्या बाई काय म्हणाल्या ते बसखाली सांगितलं. आतून पान्याचा आवाज चालूच. मग ती म्हणाली, "अरे, कापड पसरलं की आधी पाठ-पुढा कापतात, मग उरलेल्यात खिसा. घाबरलेला माणूस आधी खिसा कापून ठेवतो, आणि मग म्हणतो कापड पुरलं नाही."

भाऊ सरपटत बाहेर आला. मोबाईल काढून बारकीच्या हातात दिला. म्हणाला, नंबर आला की तूच टाक, माझे हात घाण आहेत. हात पुसायला फडकं खिशातच होतं त्याच्या.

आठ दिवसांनी यादी लागली. सकाळी दहाची वेळ. बारकीला दुसरं कॉलेज मिळालं. आम्ही ज्याचं नावही कागदावर लिहिलं नसतं, ते. पहिलं हुकलं, ते चौऱ्याण्णव पॉइंट चारला थांबलं. आत्यानं विचारलं, हे पॉइंट दोन कमी पडले म्हणजे किती पोरं? बारकीनं हिशोब केला, सव्वा लाखात अडीचशे. आत्या म्हणाली, फक्त अडीचशे? आणि सव्वा लाखाची रांग? तिनं हात गालाला लावला. एका दिवशी एवढी पोरं मान खाली घालून गणितं सोडवत बसली होती, आणि त्यात आपली बारकी नेमकी कुठं उभी आहे ते कुणीतरी सांगू शकतं. केवढं मोठं आहे गं हे सगळं.

तिचंच डोकं केवढं मोठं, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

शाळा उघडायला चार दिवस राहिले होते, चाळीस शर्ट बिनबटणांचे पडलेले. बारकी तिच्याबरोबर बटणं लावायला बसली. बोलता बोलता तिनं विचारलं, आत्या, तुला असा फॉर्म भरायचा असता तर पहिल्या नंबरला काय टाकलं असतंस?

आत्यानं सुई थांबवली. थट्टेनं घेतलं नाही, खरंच विचार केला.

"पाचवी," म्हणाली.

ती चौथीत होती तेव्हा भाऊ झाला. आई कामावर जायची, मग त्याला सांभाळायला ती घरी राहिली ती राहिलीच. आत्या 'पाचवी' म्हणाली तेव्हा भाऊ दारातच उभा होता, पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यानं पुडा कापायच्या टेबलावर ठेवला, खाली बसला आणि एक शर्ट ओढून घेतला. जन्मात कधी सुई धरली नव्हती. बटण लावलं ते वाकडंच लागलं. आत्यानं हातात घेऊन बघितलं. एरवी तिनं ते उसवलंच असतं. तो शर्ट तिनं तसाच घडी करून गठ्ठ्यात ठेवला.